हरणासाठी रायफल कोणती, काडतूस कोणतं? (शिकार अमेरिकेत आहे, आधीच सांगतो)

हेदवीकर_परदेशी
गणपतीला महिनाभर गावी आलोय, पडवीत बसून लिहितोय. तिकडे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मका-सोयाबीनची मोठी शेती आहे. यंदा थंडीत त्याने हरणाच्या शिकारीला बोलावलंय. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. तो स्वतःकडची बंदूक द्यायला तयार आहे, पण मला माझी घ्यायची आहे.

टेक्सासमधला आतेभाऊ म्हणतो, डोळे मिटून .270 विंचेस्टर घे. यूट्यूबवर सगळे 6.5 क्रीडमूरच्या आरत्या करताहेत. कोणी .308 म्हणतं, कोणी .243. (ही सगळी काडतुसांची नावं, आकडा मापाचा.) मी आजवर हातात धरलेली बंदूक एकच, आजोबांची बारा बोअर. तीही रिकामी, आणि काका शेजारी उभे. पहिल्यांदाच घेणाऱ्याने काय घ्यावं? बजेट मध्यम, खांदा बारीक.

(आई मागून विचारतेय काय लिहितोयस. मोदकांची चौकशी करतोय म्हणून सांगितलंय.)

मोरी_मसाला
मोदकाला क्रीडमूर जड पडेल. पारी फाटते. .243 पुरे.

नंदिनी_देवरुख
मला हे वाचून कसंतरीच झालं. आमच्या घरामागे संध्याकाळी भेकर येतं. कुत्र्यासारखं भुंकतं आणि शेपटी वर करून पळतं. त्या जिवावर कुठलं काडतूस चालवायचं याची चर्चा? दुकानात चिकन मिळत नाही का तिकडे?

जुना_पेन्शनर
शीर्षकात खुलासा केलात ते बरं झालं. वनखात्यात 31 वर्षं काढली, म्हणून नव्या पोरांसाठी लिहून ठेवतो. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. सुरुवातीला त्यातही शिकारीचे परवाने होते. 1991 च्या दुरुस्तीने ती तरतूदच गेली. भेकर, सांबर, पिसोरी यांच्या वाटेला जायचं नाही. 'आमच्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलंय' हे कोर्टात चालत नाही. रानडुक्कर शेती उद्ध्वस्त करत असेल तर खात्याकडे रीतसर अर्ज करता येतो. तोही परवानगी हातात पडल्यावर, आधी नाही.

आणि हेदवीकर, एक विचारतो, राग मानू नका. आजोबा हयात आहेत का? नसतील तर ती बारा बोअर आज कोणाच्या परवान्यावर आहे?

हेदवीकर_परदेशी
@पेन्शनर, राग कसला. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. काकांनी तेव्हाच कागदपत्रं करून परवाना स्वतःच्या नावावर घेतला.

जुना_पेन्शनर
छान. बऱ्याच घरांत म्हातारा जातो आणि बंदूक माळ्यावर तशीच पडून राहते. घरच्यांना वाटतं आपलीच वस्तू आहे. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. 2016 च्या नियमांत वारसाची सोय आहे. परवानाधारक 70 वर्षांचा झाला किंवा त्याने 25 वर्षं बंदूक बाळगली, तर तो हयात असतानाही वारसाच्या नावावर करता येते. ज्यांच्या माळ्यावर असेल त्यांनी आजच बघा.

मालवणी_मिरची
अरे झिला, तू काडतूस इचारतस, पण हरण किती लांब उभा रवतला ता आधी सांग! आमच्या आज्याकडे ठासणीची होती. एक बार काढलो की दुसरो भरीपर्यंत डुकर गोव्यात पोचता.

खाडीपलीकडे
मिरचीने चेष्टेत विचारलंय, पण तोच खरा प्रश्न आहे. मी मुंबईत रेंजवर नेमबाजी करतो, शिकार कधी केलेली नाही. तरी काडतुसांचा हिशेब थोडा मांडतो.

.30-06 हे 1906 चं लष्करी काडतूस. त्याच घराण्यातल्या पुंगळीची मान, म्हणजे तोंडाकडचा भाग, आवळून 1925 मध्ये .270 केलं. .308 आलं 1952 मध्ये आणि 1955 मध्ये त्यातून .243 निघालं. सगळी एकाच कुळातली भावकी आहे. क्रीडमूर अलीकडचं, लांबच्या निशाणबाजीसाठी काढलेलं. हरणासाठी .243 मध्ये साधारण 100 ग्रेनची गोळी वापरतात, .270 मध्ये 130 ची, .308 मध्ये 150 ची. 200 यार्डांच्या आत हरणाला यातला फरक कळत नाही. फरक कळतो तुमच्या खांद्याला. .243 चा धक्का सौम्य असतो, .30-06 चांगलीच लाथ मारते. नवखा माणूस धक्क्याला घाबरला की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि गोळी जाते खाली.

त्याहून महत्त्वाचं, गोळी कशी आहे ते बघा. लष्करी पद्धतीची पूर्ण तांब्याच्या आवरणातली गोळी आरपार निघून जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. शिकारीला मऊ टोकाची गोळी लागते, आत शिरल्यावर ती छत्रीसारखी उमलते.

सोनारदादा
ग्रेन म्हणजे काय? दाणे? 150 दाणे म्हणजे किती?

खाडीपलीकडे
@सोनारदादा, वजन आहे ते. 1 ग्रेन म्हणजे साधारण 0.065 ग्रॅम.

सोनारदादा
अहो थांबा! म्हणजे हा आमच्याच तराजूतला ग्रेन. 180 ग्रेनचा एक तोळा, वडिलांनी पाठ करून घेतलं होतं. बारा माशांचा तोळा, म्हणजे 15 ग्रेनचा मासा. तुमची 150 ची गोळी म्हणजे दहा मासे झाले. पेढीवर बसून बंदुकीची गोळी तोलता येईल असं वाटलं नव्हतं.

मोरी_मसाला
आजच्या भावाने दहा मासे हरणाच्या अंगात सोडून यायचे म्हणजे हरणाचंच नशीब.

कातळावरचा_वारा
आमच्याकडेही बारा बोअर होती. बोअरचा हिशेबही वजनाचाच आहे, सोनारदादा. नळीच्या आत बरोबर बसेल असा शिशाचा गोळा, तसे बारा गोळे मिळून एक रतल, म्हणजे पौंड. म्हणून बारा बोअर. त्यामुळे आकडा मोठा तशी नळी बारीक.

वडिलांची काडतुसं पुठ्ठ्याची असायची. पावसाळ्यात दमट हवेने ती फुगायची आणि नळीत अर्धी जाऊन अडकायची. म्हणून वडील ती डालड्याच्या डब्यात तांदळात पुरून ठेवायचे. मृगाच्या आधी डबा बंद, झाकणावर मेण. भात कापणीच्या सुमारास उघडायचा. प्रत्येक काडतूस बोटांत फिरवून बघायचे, मग नळीत अलगद सोडायचे. 'टक्' आवाज करून बसलं की बाजूला, जिथे अडलं ते बाद. तो तांदूळ आई कोंबड्यांनाही घालायची नाही. नंतर खडकीच्या कारखान्याची प्लास्टिकच्या पुंगळीची शक्तिमान काडतुसं आली आणि ही कटकट संपली.

आमच्या रानात 30 पावलांपलीकडचं दिसतच नाही. करवंदीच्या जाळ्या, कारवी, वेली. तिथे 300 यार्डांची रायफल काय करायची? बारा बोअर हीच कोकणची बंदूक. नळीच्या टोकावर पितळेचा मणी असतो, तोच नेम.

खाडीपलीकडे
अगदी. आणि रायफल म्हटली तर आपल्याकडे .303 आणि 7.62 ही लष्करी मापं सामान्य माणसाला मिळतच नाहीत. म्हणून इशापूरच्या कारखान्याची .315, पाच काडतुसांची. कोणाकडे जुनी असेल तर फोटो टाका.

कातळावरचा_वारा
फोटो नको. लोक घर शोधत येतील.

नंदिनी_देवरुख
विषय रंगलाय, पण माझ्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही.

हेदवीकर_परदेशी
@नंदिनीताई, प्रश्न रास्त आहे. मला अजून स्वतःशीच पक्कं सांगता येत नाही. आजोबांबरोबर रानात जायचं राहून गेलं, त्याचा काही भाग असेल. सहकारी म्हणतो, हरणं त्याचं सोयाबीन कोवळं असताना खुडून टाकतात.

@मिरची, @खाडीपलीकडे, जागा अशी आहे: शेताच्या कडेला ओक-हिकरीचं रान, मधून ओढा. सहकारी झाडाला लावलेल्या मचाणावर बसवणार आहे. जास्तीत जास्त 120 यार्ड दिसेल म्हणाला. राज्य ओहायो. मी एच-वन-बी व्हिसावर आहे, त्याने काही फरक पडतो का?

क्लीव्हलंडची_काकू
ओहायो?? अरे बाळा, हे पहिल्या ओळीत लिहायचंस की! इतकी सगळी चर्चा पाण्यात.

मी मूळची चौलची, ओहायोत 22 वर्षं. नवऱ्याबरोबर सुरुवातीला नुसती थर्मास घेऊन जायचे, आता माझं मचाण वेगळं आहे. नीट वाच.

ओहायोत हरणासाठी .270 चालत नाही. .308, .243, क्रीडमूर यातलं काहीच चालत नाही. तुझा आतेभाऊ टेक्सासच्या हिशेबाने बोलतोय. इथे मान आवळलेलं, बाटलीच्या आकाराचं काडतूस हरणाला चालत नाही. एक तर शॉटगन (आपल्या बारा बोअरसारखी) आणि त्यात छऱ्यांऐवजी एकच गोळा किंवा स्लग (एकच जड गोळी), नाहीतर ठासणीची (हो मिरची, तुमच्या आज्याची! .38 किंवा त्याहून मोठी), नाहीतर सरळ भिंतीच्या पुंगळीची रायफल, .357 ते .50 मापाची. ही शेवटची परवानगी आली 2014 मध्ये. त्याआधी आम्ही सगळे स्लगच मारायचो. सपाट प्रदेश, पावलोपावली घरं. बाटलीच्या काडतुसाची गोळी चुकली तर कुठच्या कुठे जाते.

व्हिसाचं म्हणशील तर फरक पडतो, आणि मोठा. एच-वन-बी वाल्याला इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायलाच बंदी आहे. त्यातून सुटायचा एक रस्ता म्हणजे शिकारीचा वैध परवाना. तेव्हा आधी परवाना, मग दुकान. सहकाऱ्याची बंदूक हातात घ्यायलासुद्धा हाच क्रम. परवान्यासाठी नवख्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, हरणाचं परमिट वेगळं काढायचं. दुसऱ्याच्या जमिनीवर जायचं तर मालकाची लेखी परवानगी खिशात हवी. मैत्री असली तरी लेखी. बंदुकीत नळी धरून तीनच काडतुसं.

मालवणी_मिरची
आज्याची ठासणी ओहायोत चलता!! आज्या वर बसान हसत असतलो.

हेदवीकर_परदेशी
काकू, पाय कुठे आहेत तुमचे. पुढच्याच आठवड्यात आतेभावाच्या सांगण्यावरून .270 साठी दुकानात पैसे भरणार होतो. मग आता काय घेऊ?

क्लीव्हलंडची_काकू
बारीक खांदा म्हणालास ना? .350 लेजंड. 2019 मध्ये आलेलं काडतूस आहे, अशाच राज्यांसाठी काढलेलं. साधी बोल्ट ॲक्शन घे, दर बाराला हाताने खटका मागे-पुढे ओढायची. धक्का कमी. 150 यार्डांपर्यंत बिनधास्त, तुझ्या 120 ला भरपूर झालं. 180 ग्रेनची गोळी मिळते, साधारण 2,100 फूट सेकंदाला.

.450 बुशमास्टर घेऊ नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. माझ्या नवऱ्याने घेतली आणि एका हंगामात विकली. .45-70 तर 1873 चं आहे. मारतं जबरदस्त, पण पहिल्या बंदुकीला नको. आणि पैसे वाचवायचे असतील तर सहकाऱ्याची बारा बोअर आणि स्लग. एक औंसाचा शिशाचा गोळा, 75 यार्डांच्या आत त्याच्यासारखं काही नाही. फक्त खांद्याला दोन दिवस शेक घ्यायची तयारी ठेव.

सोनारदादा
180 ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा! औंसाचे 437 ग्रेन, म्हणजे अडीच तोळ्याला किंचित कमी.

कातळावरचा_वारा
काकूंनी घरांची गोष्ट काढली म्हणून लिहितो. एरवी लिहिलं नसतं.

मी शाळेत असताना वाडीतले लोक डुकराच्या हाक्याला गेले होते. हाकारे डबे वाजवत व्हाळाच्या बाजूने वर येत होते आणि बंदूकवाले सड्याच्या कडेला बसलेले. जाळी हलली. एकाने बार काढला. जाळीत आमच्याच वाडीतला हाकारा होता, वाट चुकून पुढे आलेला. खाकी सदरा, वाळलेल्या गवताचाच रंग. वाचला, पण उजवा हात कामाचा राहिला नाही. ज्याने बार काढला तो माझ्या वडिलांचा मित्र होता. तो नंतर आमच्या घरी आला की ओटीवर बसायचा, पाणी प्यायचा, पण भिंतीवरच्या बंदुकीकडे पाठ करून. वडिलांनी त्या वर्षी बंदूक विकली.

रायफल कुठलीही घ्या. जाळी हलली म्हणून चाप ओढायचा नाही. पूर्ण जनावर दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागे काय आहे तेही.

क्लीव्हलंडची_काकू
वाचून अंगावर काटा आला. ह्याचसाठी इथे केशरी जाकीट सक्तीचं आहे, लांबून पेटल्यासारखं दिसतं. हरणाला तो रंग नीट ओळखू येत नाही, निळा मात्र दिसतो. तेव्हा हेदवीकर, जाकिटाखाली निळी जीन्स घालून येऊ नकोस.

मोरी_मसाला
केशरी जाकीट घालून बारा बोअर घेतलेला माणूस आमच्याकडे निवडणुकीत दिसला तर वेगळीच चर्चा होईल.

खाडीपलीकडे
निवडणुकीवरून आठवलं. मागच्या विधानसभेला मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला होतं. त्याआधी परवान्याच्या बंदुका जमा करायची नोटीस आली. नेमकं भात उभं, डुकरांचा हंगाम. आमच्या मामांनी रात्री पत्र्याचे डबे वाजवून जागून काढली आणि तरी एक कोपरा गेला. बंदूक परत आणायला गेले तर 'साहेब नाहीत, उद्या या' असं चार वेळा.

नंदिनी_देवरुख
यात मी तुमच्या बाजूची आहे, आश्चर्य वाटेल. वानरांनी यंदा आमची नारळाची बोंडं एकही ठेवली नाहीत. पण त्यावर लोक फास लावतात ते मला मुळीच पटत नाही. आमच्या खालच्या बागेत डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्याचं पिल्लू अडकलं होतं. रात्रभर त्याची आई घराभोवती ओरडत फिरत होती.

जुना_पेन्शनर
फास हा सगळ्यात वाईट. बंदूकवाला निदान बघून मारतो, फास काहीच बघत नाही. अशी पाच-सहा जनावरं मी हाताने सोडवली आहेत, दोन मेलेली.

नंदिनीताई, तुमचा मूळ प्रश्न. ओहायोत 1904 च्या सुमारास हरीण संपलंच होतं. शिकार आणि जंगलतोड. मग बाहेरून आणून सोडलं, सांभाळलं, आणि 1943 पासून मोजून-मापून शिकार सुरू केली. लांडगे त्यांनी त्याआधीच संपवले होते, त्यामुळे हरणावर वचक ठेवायला फारसं कोणी उरलं नाही. आणि बंदूक-काडतुसांवर तिथे कर आहे, रायफल-शॉटगनला 11 टक्के. 1937 पासून तो पैसा वन्यजीवांसाठीच जातो. आपल्याकडे बिबट्या आहे, रानकुत्रे आहेत, रान मात्र तुकड्या-तुकड्यांचं. तिथलं गणित इथे आणून बसवता येत नाही, इथलं तिथेही नाही. आमचं फणसाड बघा. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, 1986 पासून अभयारण्य. उन्हाळ्यात तिथल्या गाणीवर, पाणवठ्याला गाण म्हणतात तिकडे, संध्याकाळी नुसतं बसा. सांबर येतं. हातात काही लागत नाही.

नंदिनी_देवरुख
पटलं असं नाही, पण समजलं. हेदवीकर, एकच मागते. अर्धमेलं करून सोडू नका.

क्लीव्हलंडची_काकू
नंदिनी, म्हणूनच त्याला पुढचं सांगते.

बंदूक घेतल्यावर स्कोप (नेमाची दुर्बीण) लावून 100 यार्डांवर कागदावर नेम जुळवून घे. कानात बोळे घालून. जी काडतुसं शिकारीला नेणार तीच वापर. मेजावर टेकून नेम लागला म्हणजे झालं नाही, मचाणावर बसल्यासारखा बसून मार. थाळीएवढ्या कागदात पाचच्या पाच ज्या अंतरावरून जातात, ते तुझं अंतर. माझं 110 यार्ड आहे. 130 वर उभा असलेला मोठा नर मी दोनदा जाऊ दिलाय. नवरा अजून चिडवतो.

हरीण आडवं उभं राहू दे. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. डोक्यावर मारायचं नाही, जबडा फुटला तर जनावर उपाशी मरतं. गोळी लागली तरी ते 50-100 यार्ड पळतं. लगेच मागे धावायचं नाही, अर्धा तास घड्याळ लावून बसायचं. मग रक्त बघायचं. लालभडक आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, जवळच पडलेलं सापडेल. काळपट असेल तर यकृत, अजून थांब. हिरवट घाण दिसली तर पोट, मग कित्येक तास थांबायचं. माझं पहिलं हरीण असंच होतं. रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात सापडलं. ते परत नको म्हणून एवढं लिहितेय.

मालवणी_मिरची
काकू, तुमका दंडवत. चौलात असता तर नवाबान तुमका शिकारखान्यार ठेवल्यान असता.

हेदवीकर_परदेशी
ठरलं. परत गेलो की आधी कोर्स, मग परवाना, मग .350 लेजंड. वेळेत जमलं नाही तर यंदा नुसता थर्मास घेऊन बसेन, काकूंसारखा.

सकाळी काकांनी आजोबांची बारा बोअर काढून दाखवली. दोनदा उघडून रिकामी असल्याची खात्री केली, मगच हातात दिली. दस्त्यावर आजोबांच्या गालाच्या जागी लाकूड काळपट गुळगुळीत झालंय. मी गाल टेकवला तर माझा दोन बोटं मागे येतो. ते बुटके होते हे मला ठाऊकच नव्हतं, मी लहान असताना बघितलेलं ना. काका खोबरेल लावून पुसत होते, ओहायोला डबी ने म्हणाले.

क्लीव्हलंडची_काकू
अजिबात नको! डिसेंबरात इथे खोबरेल दगड होतं. बोल्ट उघडणार नाही. बंदुकीचं तेल घे, तेही अगदी थोडं.

मोरी_मसाला
आईला कळलं का मोदकांचं?

हेदवीकर_परदेशी
कळलं. काकांनीच सांगितलं. पाच मिनिटं बोलली नाही. मग म्हणाली, त्याला वाटण मटणाचंच चालतं का?

क्लीव्हलंडची_काकू
तिला सांग, चालतं. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, धणे, आणि दोन लवंगा जास्त. पण पांढरी चरबी सगळी काढून टाकायची, ती टाळूला मेणासारखी चिकटते. मांसात स्वतःची चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेलात हात आखडायचा नाही. आणि जिथून गोळी गेली तिथलं मांस भरपूर बाजूने कापून टाकायचं, शिशाचे कण दूरवर उडतात. घरात लहान मुलं असतील तर नुसत्या तांब्याची गोळी मिळते, ती बघ.

सोनारदादा
आणि पहिल्या बाराची पुंगळी मला आणा. तोलून, चौकटीत बसवून पेढीवर लावतो.

क्लीव्हलंडची_काकू
@सोनारदादा, नको हो! विमानतळावर सामानात पुंगळी सापडली तर पोरगा गणपतीऐवजी पोलीस चौकीत बसेल. हेदवीकर, निघताना जाकिटाचे खिसे उलटे करून झटकायचे. दर वेळी.

सोनारदादा
बरं, फोटो पाठवा. तोळा मी इथलाच लावतो.